मामाच्या घरी सोयरीक करताना



मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, नणंद माझ्या मुलीला मागणी घालतेय. घरचंच घर आहे, हुंडा नाही, पोरगी डोळ्यांसमोर राहील. देऊ का?" प्रश्न साधा नव्हता. कारण त्याच नणंदेच्या थोरल्या सुनेला, म्हणजे माहेरच्याच दुसऱ्या भाचीला, झालेली दोन्ही लेकरं जन्मापासून ऐकू न येणारी आहेत.

आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची मानतात. पण आत्याची मुलगी करायला बरेच जण नको म्हणतात, गेलेली वेल परत आणू नये म्हणून. आणि मावसभाऊ-बहीण किंवा चुलतभाऊ-बहीण म्हटलं तर कानावर हात! आता गंमत बघा. रक्ताच्या हिशेबात ही सगळी नाती सारखीच. दोघांचे आजी-आजोबा एकच, म्हणून दोघांत सरासरी आठवा हिस्सा बीज सारखं असतं. रीत एकाला हो म्हणते, दुसऱ्याला नाही. बीजाला ते कळत नाही. मामा-भाचीचं लग्न तर त्याहून जवळचं, तिथं चौथा हिस्सा.

आपल्या प्रत्येकाच्या अंगात एखाददुसरा दोष झाकलेला असतो. एकाकडूनच आला तर बाळाला त्रास होत नाही. आई-बाप दोघांकडून तोच आला, तर आजार दिसतो. दोघांत तो असला, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता. थॅलेसेमिया, सिकलसेल, काही प्रकारचा बहिरेपणा असाच येतो. एरवी शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मतः गंभीर दोष असतो. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात साधारण आणखी दोन-तीनांची भर पडते. म्हणजे बहुतेकांची लेकरं धडधाकट असतात. म्हणूनच "आमच्या आजीनं केलं, काय झालं?" हे बोलणं खोटं नसतं. पण ज्या घरात आधीच आजार दिसलाय, तिथं धोका बराच जास्त.

एकत्र वाढलेल्यांचं आणखी एक आहे. तैवानमध्ये पूर्वी तान्ही मुलगी भावी सासूच्या घरी आणून मुलाबरोबर वाढवायचे, मोठी झाल्यावर त्यांचंच लग्न लावायचे. आर्थर वुल्फ या अभ्यासकानं अशी लग्नं तपासली. त्यांत मुलं कमी झाली, काडीमोड जास्त झाले. त्या मुलीचं मूळ घर वेगळं, रक्ताचं नातं काहीच नाही, तरी मन बसेना. लहानपणी एका ताटात जेवलेल्यांना एकमेकांची ओढ सहसा वाटत नाही. तेव्हा पोरगी "तो मला भावासारखा वाटतो" म्हणाली, तर तिला नाटकी म्हणू नका.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही भाऊ-बहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यात आहे. रूढी असेल तिथं सूट आहे.

त्या बाईला मी सांगितलं, सुपारी फोडण्याआधी दोघांचं रक्त तपासा, थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी. पण बहिरेपणा त्या तपासणीत कळत नाही. घरात तो दिसलाय म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. लग्न झालेलंच असेल, तर दिवस गेल्या गेल्या आशाताईंना नातं सांगा, आणि बाळाचे कान जन्मल्यावर लगेच तपासून घ्या. थोरल्या सुनेला मात्र घरात अजून "पांढऱ्या पायाची" म्हणतात. दोष अर्धा तिच्या नवऱ्याकडूनही आलेला आहे, हे सासूला कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या बैठकीला सासूलाही घेऊन या, असं मी म्हटलंय.