तटाबाहेरचा धक्का
(बिडकीन येथे केलेलं भाषण)



इथल्या बिडकीनच्या पोरांनी मला विचारलं, "दादा, स्कायरिम अर्ध्यातच का सोडला?" तर त्याचं उत्तर देतो.

हा 2011 चा अमेरिकन गेम. सुरुवातीलाच दहा वंशांतला एक निवडायचा. काही गुण जन्मासोबतच ठरलेले! मी आर्गोनियन झालो. सरड्याच्या कातडीचा माणूस. तलवार चालवली, ड्रॅगन मारले. मग विंडहेल्म शहर आलं. तिथं आर्गोनियनांनी तटाच्या आत राहायचं नाही. बाहेर धक्क्यावर राहायचं, ओझी वाहायची, मजुरी नॉर्ड माणसापेक्षा कमी. हे गावकूस तर माझ्या ओळखीचंच निघालं!

मालकाला गाठलं, त्याच्याशी हुज्जत घातली. मजुरी वाढली. पण दार? ते काही मला उघडता आलं नाही. आणि मी मात्र खुशाल आत-बाहेर करत होतो. कारण मी नायक! पहारेकऱ्याला माझी कातडी चालते, माझ्या भावाची चालत नाही.

इथंच माझं डोकं फिरलं. 1927 ला बाबासाहेब महाडच्या तळ्यावर एकटे गेले नव्हते. हजारो माणसं सोबत होती. इथं एकट्यानं जग वाचवायचं आणि आपली माणसं धक्क्यावरच ठेवायची. मग हे वाचवलेलं जग कुणाचं?

शेवटचा ड्रॅगन अजून जिवंत आहे. असू द्या. त्याच्याशी माझं वैर नाही, त्या दाराशी आहे. नोकरी मिळवून, फ्लॅट घेऊन आत पोचलेल्या माझ्या मित्रांनो, मागं वळून बघा. दार कुणाच्या तोंडावर बंद झालंय?