जिथे पाय, तिथे मन

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारा कारकून आहे. दोन वर्षांपूर्वी माझा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि रोज चालायला सांगितले. चालू लागलो, पण पाय रस्त्यावर आणि डोके न जुळलेल्या हिशेबात! त्याच सुमारास जपानमधील 'शिनरिन-योकू'विषयी वाचले.

शिनरिन म्हणजे वन, योकू म्हणजे स्नान. १९८२ साली जपानच्या वन खात्याने हा शब्द रूढ केला. हे स्नान पाण्याचे नव्हे. जंगलाची हवा, वास, आवाज यांत सावकाश न्हायचे. चिबा विद्यापीठातील संशोधकांनी २४ जंगलांत प्रयोग करून २०१० साली निष्कर्ष मांडले. प्रयोगात तरुण विद्यार्थी होते. शहरापेक्षा वनात त्यांची नाडी संथ, रक्तदाब कमी आणि ताणासोबत वाढणारे कॉर्टिसॉलही कमी आढळले.

बंधू-भगिनींनो, आपल्याला याचे नवल वाटू नये. तथागतांचा जन्म लुंबिनीच्या शालवनात, संबोधी पिंपळाखाली आणि महापरिनिर्वाण कुशीनगरला दोन शालवृक्षांमध्ये झाले. सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष देण्याआधी अरण्यात किंवा झाडाच्या मुळाशी जाऊन बसायला सांगितले आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी पाहा. भिक्खू तेथे शतकानुशतके राहिले, ते जंगलातच.

महिन्यातून एका रविवारी मी तेथे जातो. पहिल्या वेळी दहा मिनिटेही स्वस्थ बसवेना. हात सारखा मोबाइलकडे जाई. आता तो बंद ठेवतो. ओल्या मातीचा वास घेतो, पाखरांचे आवाज ऐकतो. हिशेब आठवला, तर आठवला म्हणायचे आणि पुन्हा श्वासाकडे यायचे. मात्र रुळलेली वाट सोडून आत शिरू नका. ते बिबट्याचे घर आहे.

माझी गोळी सुटलेली नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी ती सोडूही नये. पण घरी मुलांवर ओरडणे कमी झाले, असे सौभाग्यवती सांगतात. माझ्या लेखी हा नफा मोठा आहे.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या दिवसांत जंगल गाठता आले नाही, तर जवळच्या झाडाखाली वीस मिनिटे बसा. सोबत पुस्तक नको, मोबाइल नको. जिथे पाय, तिथे मन, एवढेच साधा.