बोटाखालचा प्रश्न आणि पडद्यावरचा प्रश्न: सातवी-आठवीच्या घरासाठी कॉम्प्युटर परीक्षेची तयारी

(हा भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी पूर्ण बोलणं इथे लिहून देतोय. बोललेलं आहे, त्यामुळे भाषा बोलीच ठेवली आहे.)

आजचा विषय सातवी-आठवीतल्या पोरांचा आहे, पण मी बोलणार आहे तुमच्याशी. म्हणजे त्या पोरांच्या दादाशी, अक्काशी, मामाशी, घरातल्या त्या माणसाशी, ज्यानं सीईटी दिलीय, तलाठी भरतीचा फॉर्म भरलाय, नाहीतर निदान दुसऱ्याचा फॉर्म मोबाईलवर भरून दिलाय. मुरुमसारख्या गावात ‘परीक्षा कॉम्प्युटरवर असते म्हणजे नक्की काय असतं’ हे आई-बाबांना विचारून कळत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

आधी चित्र काय आहे ते बघू. आपल्या पोरांच्या शाळेतल्या स्पर्धा परीक्षा आजही कागदावरच होतात. नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा घ्या. आपल्या जिल्ह्याचं नवोदय तुळजापूरला आहे. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास, आणि उत्तरं ओएमआर शीटवर. पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते ती शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण, पुन्हा गोल काळे करायचे. आठवीची एनएमएमएस घ्या. बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न, शालेय क्षमता चाचणीचे ९० प्रश्न, तेही कागदावर. दहावी बोर्ड कागदावर, बारावी बोर्ड कागदावर.

आणि मग बारावीचा पेपर संपला की महिन्याभरात तेच पोरगं सीईटीच्या केंद्रावर कॉम्प्युटरसमोर बसतं. एमएचटी-सीईटी २०१९ पासून पूर्ण कॉम्प्युटरवर आहे. जेईई मेनही २०१९ पासून एनटीएकडे गेली आणि कॉम्प्युटरवर आली. पुढं सरकारी नोकरीच्या भरतीतही बऱ्याच ठिकाणी तेच.

म्हणजे काय झालं? बारा वर्षं कागदावर सराव, आणि ज्या दिवशी इंजिनिअरिंगची किंवा फार्मसीची सीट ठरणार त्या दिवशी साधन वेगळं. लातूरला किंवा सोलापूरला क्लासला गेलेल्या पोराला क्लासवाले दहा-वीस मॉक टेस्ट देऊन तयार करतात. गावात राहून शिकलेल्या पोरानं पहिला माउस परीक्षेच्या केंद्रावरच धरला, असं होऊ शकतं. गणित दोघांनाही येतं. फरक पडतो तो सवयीचा.

आता कुणी म्हणेल, एवढ्यानं काय होतंय, प्रश्न तर तेच असतात ना? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं उदाहरण ऐका. तिथं २०१५ आणि २०१६ साली एकच राज्य चाचणी काही शाळांनी कागदावर घेतली, काहींनी कॉम्प्युटरवर. अभ्यासकांनी दोन्हीकडचे गुण ताडून पाहिले. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलांचे गुण कमी आले, गणितात थोडे आणि भाषेत जास्त. दुसऱ्या वर्षी मात्र हा फरक बराच कमी झाला. यातून दोन गोष्टी कळतात. एक, फरक खरंच पडतो, घराघरात कॉम्प्युटर असलेल्या देशातसुद्धा. दोन, तो सवयीनं भरून निघतो. आपल्याला दुसरी गोष्ट धरून चालायचंय.

मग वेगळं नक्की काय असतं? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न बोटाखाली राहत नाही. कागदावर आपण शब्दाखाली रेघ मारतो, आकृतीवर पेन्सिलनं बाण काढतो, नको असलेल्या पर्यायावर काट मारतो. पडद्यावर यातलं काही करता येत नाही. प्रश्न समोर उभा, कच्चं काम खाली कागदावर. नजर वर-खाली, वर-खाली. आकडा उतरवताना ६८ चा ८६ होतो, आणि पोराला वाटतं आपलं गणित कच्चं आहे.

दुसरं, पडद्याच्या बाजूला प्रश्नांच्या नंबरांची चौकट असते. जेईईच्या पडद्यावर हिरवा म्हणजे उत्तर दिलंय, लाल म्हणजे प्रश्न उघडला पण उत्तर दिलं नाही, जांभळा म्हणजे ‘मार्क फॉर रिव्ह्यू’, नंतर बघायला ठेवलाय. जांभळ्यावर हिरवी खूण असेल तर उत्तरही दिलंय आणि पुन्हा बघायचंही आहे, आणि ते उत्तर तपासलं जातं. ही रंगांची भाषा परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा वाचायची म्हणजे पाच मिनिटं तिथंच गेली.

तिसरं, ‘सेव्ह अँड नेक्स्ट’. पर्यायावर क्लिक केलं आणि बाजूच्या नंबरवर क्लिक करून थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली, तर उत्तर सेव्ह होत नाही. पोरगं सांगतं सगळे सोडवले, आणि मार्क येतात निम्म्याचे. ही एक सवय लागली तरी आजच्या भागाचे पैसे वसूल समजा.

चौथं, उलटं चालणारं घड्याळ. कोपऱ्यात सेकंद कमी होताना दिसतात. काही पोरांना त्यानं वेग येतो, काहींचा घसा कोरडा पडतो. आपलं लेकरू कुठल्या गटातलं आहे हे सातवीत कळलं तर हाताशी वेळ असतो. बारावीत कळून उपयोग नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमचं पोरगं तर दिवसभर मोबाईलवर असतंय, त्याला काय शिकवायचं? इथंच फसगत होते, बरं का. मोबाईल चालतो अंगठ्यावर. परीक्षा चालते माउसवर. मोबाईलवर आपण सरकवत जातो, वाचत नाही. जेईईत आकडा भरायचा झाला तर पडद्यावरच्या कीपॅडवर माउसनं एकेक अंक टिपावा लागतो, समोरच्या कीबोर्डला हात लावायचा नसतो. रील बघण्याचा सराव इथं कामी येत नाही.

तर घरात करायचं काय? लॅपटॉप घ्या असं मी म्हणणार नाही. सोयाबीनचे पैसे कधी येतात आणि कुठं जातात हे आपल्याला माहीत आहे. साधे उपाय सांगतो.

पहिला उपाय, ओटीजी. एक साधा यूएसबी माउस आणि ओटीजीचा छोटा जोड घ्या. बहुतेक अँड्रॉइड फोनला तो लावला की पडद्यावर बाण दिसायला लागतो. पहिला आठवडा एवढंच करायचं. रोज पंधरा मिनिटं फोनला माउस लावून, टीप, ओढ, वर-खाली सरकव. हात बसतो.

दुसरा आठवडा वाचनाचा. फोन आडवा धरून, टेकवून उभा ठेवायचा आणि एक पानभर उतारा पडद्यावरच वाचायचा. मग खाली पाच प्रश्न. बोट लावायचं नाही. आपल्याकडं घरात कुणी कन्नड बोलतं, कुणी उर्दू, शाळा मराठी, विज्ञानाचे शब्द इंग्रजी. ही पोरं तीन-तीन भाषा सांभाळतात, हुशार असतात, पण पडद्यावर वाचताना आणखी हळू होतात. त्यांना वेग नाही म्हणून ओरडू नका, फक्त सराव वाढवा.

तिसरा आठवडा कच्च्या कामाचा. शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यातली गणितं पडद्यावर ठेवायची आणि वहीत सोडवायची. नियम एकच: आधी प्रश्नाचा नंबर लिहायचा, मग प्रश्नातले आकडे उतरवायचे, उतरवलेले एकदा पडद्याशी ताडायचे, मग गणित.

चौथ्या आठवड्यात पूर्ण चाचणी. तुम्ही स्वतः गूगल फॉर्मवर पंचवीस प्रश्नांची चाचणी बनवू शकता, अर्ध्या तासाचं काम आहे. वेळ लावायला घरातलं घड्याळ. आणि महिन्यातून एकदा खऱ्या कॉम्प्युटरवर बसवायचं. एमएस-सीआयटी शिकवणारं सेंटर असेल, नेट कॅफे असेल, ओळखीच्या माणसाचं दुकान असेल, तासाभराचे पैसे द्या. एनटीएच्या संकेतस्थळावर सरावाच्या चाचण्या फुकट आहेत. प्रश्न अकरावी-बारावीचे असतात, सातवीच्या पोराला येणार नाहीत. येऊ देत नाही तर नाही. त्याला फक्त सूचनांचं पान, रंग, बटणं आणि शेवटचं ‘सबमिट’ बघू दे.

आता आई-बाबांना काय सांगायचं? पहिली गोष्ट पर्सेंटाइल. हा शब्द घरात भांडण लावतो. सीईटीत ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९० मार्क नव्हेत. त्या सत्रात बसलेल्या दर १०० पोरांमागं ९० जणांचे मार्क आपल्या पोराइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच अर्थ. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. एकाला सोपा, एकाला अवघड. म्हणून तुलना आपापल्या सत्रात करतात. काही परीक्षांत सूत्र लावून मार्क समान पातळीवर आणतात, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. २०२३ ची तलाठी भरती आठवतेय ना? २०० मार्कांच्या परीक्षेत २०० च्या वर गुण दिसले आणि गावागावात गोंधळ उडाला. ते अशा सूत्रामुळं दिसले होते. सूत्र योग्य की अयोग्य यावर वाद घाला, जरूर घाला, पण आधी ते समजून घ्या.

दुसरी गोष्ट, मशीन म्हणजे देव नाही. २७ एप्रिल २०२५ ला सकाळच्या सत्रात सीईटीच्या गणितात २१ प्रश्नांच्या पर्यायांमध्ये चुका निघाल्या. पोरांनी आणि पालकांनी आवाज उठवला, आणि ५ मे रोजी त्या सत्राची फेरपरीक्षा झाली. तेव्हा पोराला शिकवा: पडदा अडकला, माउस चालेना, लाईट गेली, तर रडत बसायचं नाही. हात वर करायचा, पर्यवेक्षकाला लगेच सांगायचं. दुसरं मशीन मागायचं आणि गेलेला वेळ मिळाला का ते विचारायचं. आपल्याकडच्या पोरांना परीक्षेत तोंड उघडायची भीती वाटते. ही भीती घालवणं हासुद्धा तयारीचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती आजच्या आठवीशी थेट जोडलेली आहे. एनएमएमएस परीक्षा कागदावर असली तरी पुढचा सगळा मामला ऑनलाइन आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. पण दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. दहावीत सर्वसाधारण गटाला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना पाच टक्के सूट आहे. आता विचार करा. नोंदवलेला नंबर बाबांचा, बाबा उसाच्या तोडीला गेले, सिम बंद पडलं, ओटीपी कुठं येणार? पोरगं परीक्षा पास झालं आणि पैसे अडकले एका नंबरावर. म्हणून आजच एक वही करा. नोंदणीचा मोबाईल नंबर, ईमेल, पासवर्ड, आधारवरचं नाव जसं आहे तसं, बँक खातं आधारला जोडलंय का. ही वही कपाटात, कागदपत्रांच्या पिशवीत. आणि जो नंबर कधी बदलणार नाही तोच द्या.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हे सगळं घरानंच करायचं का? नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलं. आपण मागं आहोत हे सरकारनं कागदावर मान्य केलंय. मग शाळेत कॉम्प्युटर असतील तर ते पोरांच्या हाताखाली यायला हवेत, कपड्याखाली झाकून राहायला नकोत. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती ठरवून दिलीय आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीला तुमच्या वहिनीला, काकांना एवढंच विचारायला सांगा: लॅब आठवड्यातून किती तास उघडी असते? सातवी-आठवीला कुठला वार? बंद मशीन किती, दुरुस्त कधी होणार? भांडायचं नाही. विचारायचं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

आणि गुरुजी-मॅडमना मदत लागली तर तुम्ही जा. बारावी झालेली पोरं सुट्टीत गावातच असतात. शनिवारची दोन तास, चार पोरांना एक मशीन, पाळीपाळीनं. एका उन्हाळ्यात एक वर्ग तयार होतो.

तर या रविवारचं काम ठरलं. माउस आणि ओटीजी आणा, नसेल तर कुणाचा तरी मागून आणा. घरातल्या किंवा शेजारच्या एका सातवी-आठवीच्या लेकराला शेजारी बसवा. पंधरा मिनिटं. काय झालं ते मला कळवा, म्हणजे अडचणींवर पुढं कधीतरी वेगळा भाग करता येईल. भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम.