घाटात खाली गेलेलं पेडल

आजचा भाग जुन्या गाड्यांच्या ब्रेकवर. जुन्या म्हणजे बोलेरो, सुमो, क्वालिस, असल्या दणकट गाड्या. माझ्याकडे २००६ ची बोलेरो आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. मी मेकॅनिक नाही, पण ब्रेकचं काम आता स्वतः करतो. का, ते सांगतो.

गेल्या मे महिन्यात कराडहून चिपळूणला निघालो होतो. आत सात माणसं, टपावर सामान. कुंभार्ली घाट उतरताना गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि माझा पाय सतत ब्रेकवर. ही चूक माझीच. काहीतरी जळल्याचा वास आला. बायको म्हणाली, "अहो, वास कसला येतोय?" म्हटलं, पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली.

दोन-तीनदा पंप मारला, थोडं लागलं. तिसरा टाकला, मग दुसरा, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेला घेतली. हँडब्रेकला ऑइल लागत नाही, तो केबलवर चालतो, म्हणून वाचलो. इंजिन बंद केलं नव्हतं, हेही बरं. इंजिन बंद पडलं की बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. साठवलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन दाब निघतात, मग पेडल दगड होतं. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे महाभाग अजून भेटतात, त्यांना माझा नमस्कार.

आता गंमत बघा. अर्ध्या तासाने पेडल परत टाइट! दुसऱ्या गिअरमध्ये पोफळीपर्यंत उतरलो. दुसऱ्या दिवशी गॅरेजला दाखवली, तर मेकॅनिक म्हणतो, "साहेब, ब्रेक तर एकदम ओके आहे. घाटात असं होतंच." त्याने गाडी थंड असताना बघितली होती, त्यामुळे त्याला खरंच काही दिसलं नाही. मीही जवळजवळ हो म्हणून निघालो होतो. पण त्याच घाटातून पुन्हा यायचं होतं, तीच माणसं घेऊन.

झालं काय होतं? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, हळूहळू. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली. थंड झालं की वाफ परत द्रव होते, आणि पुरावा गायब!

पॅड जास्त तापून पकड सोडतात तो प्रकार वेगळा. तेव्हा पेडल कडक राहतं, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ की कडक, हे घाटात लक्षात ठेवलंत तर अर्धं निदान तिथेच झालं.

मी टाकीचं झाकण उघडलं. ऑइल कोऱ्या चहासारखं. गाडी सेकंडहँड घेतली २०१४ साली, तेव्हापासून फक्त वरून भरत आलो होतो. पॅड दोनदा बदलले, मागचे लायनर एकदा, ऑइल कधीच नाही. कोणी विचारलंही नाही.

मग चाकं काढली. डावीकडे आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक. याचा अर्थ कॅलिपरची पिन जाम. कॅलिपर सरकत नाही, पॅड डिस्कवर घासत राहतो, ते चाक तापतं आणि तिथलं ऑइल उकळतं. जळका वास तिथलाच. म्हणून पॅड झिजलेत का एवढंच बघू नका, आतला आणि बाहेरचा सारखे झिजलेत का ते बघा.

पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. डिझेल किंवा रॉकेलने ब्रेकचे भाग धुवायची आपल्याकडे सवय आहे. तेही नको, कारण तेच, रबराची वाट लागते. ड्रम उघडलात तर आतली पावडर फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. मागच्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय.

ऑइल बदलायला लेकीला पेडलवर बसवलं. मी खाली, रिंग पाना, पारदर्शक नळी आणि बाटली घेऊन. "दाब. धर." निपल उघडायचा, काळं ऑइल येतं, निपल बंद. "आता सोड." आधी सगळ्यात लांबचं चाक, म्हणजे मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा धरते आणि पहिल्यापासून सुरुवात. एक गोष्ट मला नंतर कळली. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात रबर रोज जात नाही तिथे गंज असतो, त्यावर रबर फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. आणि ऑइल नेहमी सीलबंद बाटलीतलं घ्या, गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने उघडं राहिलेलं नको. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते.

पहिली ट्रायल सपाट, रिकाम्या रस्त्यावर, वीसच्या स्पीडला. मग दिवाळीत पुन्हा कुंभार्ली उतरलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. मध्ये थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला, पुढची दोन्ही सारखीच गरम. टाकीच्या झाकणावर मार्करने तारीख लिहिली आहे, दोन वर्षांनी पुन्हा बदलायचं. तुमच्या झाकणाखालचा रंग कसा आहे ते आज बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.