पिल्ले जगवायची असतील तर

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या मेळाव्यात माशांवर बोलायला आम्ही उभे राहिलो म्हणून मागे काही जण हसत आहेत. हसा. घरात काचेची टाकी आली तेव्हा आम्हीही हसलो होतो. धाकट्या मुलीने हट्ट धरला, म्हणून बाजारातून पाच गप्पी मासे पिशवीतल्या पाण्यात घालून आणले. शोभेचे मासे हा शहरातल्या लोकांचा शौक, असे आमचे मत. पण त्याच वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या गल्लीत डेंगीचे रुग्ण निघाले आणि आमचे मत बदलले.

आपल्या कोरडवाहू गावांचा हिशेब बघा. नळाला पाणी येते कुठे आठ दिवसांनी, कुठे दहा दिवसांनी. म्हणून आपण हौद भरून ठेवतो. डेंगीचा डास गटार शोधत नाही. त्याला असेच साठवलेले स्वच्छ पाणी लागते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला गरमीच्या दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आपल्या नळाची पाळी आणि डासाची पाळी एकच!

आरोग्य खात्याचे कर्मचारी येतात, हौदात गप्पी सोडतात. दोन महिन्यांनी बघावे तर एक मासा नाही. कोणी हौद घासला, मासे पाण्याबरोबर गेले. आता पुन्हा बियाणे कोण देणार? पऱ्हाटीच्या बियाण्यासाठी आपण दुसऱ्याच्या दारात उभे असतोच. निदान गप्पीचे बियाणे तरी गावात असावे. त्याला मोठी योजना लागत नाही. एका घरात दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी पुरते. तिच्यात 50 लिटर पाणी मावते.

गप्पी मूळचा आपला नाही, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी नावाच्या गृहस्थांनी नमुने लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवले, 1866 साली त्यांचेच नाव माशाला दिले गेले. आपल्या पारावरच्या गप्पांशी त्याचा संबंध नाही. हा मासा अंडी बाहेर टाकत नाही. अंडी मादीच्या पोटातच वाढतात आणि चार आठवड्यांच्या आसपास जिवंत पिल्ले बाहेर येतात. एका वेळी वीस-तीस, मोठी मादी असेल तर त्याहून जास्त. एकदा नराशी संग झाला की मादी ते बीज पोटात साठवते आणि पुढे काही महिने नर नसतानाही विणीमागून वीण देते. तेव्हा पिल्ले जन्माला घालण्याचे काम मासा चोख करतो. अडते ते पिल्ले जगवण्यात, आणि ते काम आपले आहे.

पहिला धोका घरातलाच. आई पिल्लाला ओळखत नाही. समोर वळवळणारे दिसले की गिळते. बाकीचे मोठे मासेही तेच करतात. मादीच्या शेपटीकडे पोटावर काळा डाग असतो. तो गडद झाला, पोट चौकोनी दिसू लागले की वीण जवळ आली समजावे. दुकानात जाळीची पेटी मिळते, पण मादी तिच्यात फार दिवस कोंडली तर दमते. त्यापेक्षा टाकीचा अर्धा भाग पाणवनस्पतीने दाट भरावा. तळ्यातली हायड्रिला चालते. मात्र ती आणताना काडी न काडी धुवून बघा. तिच्यात चतुराची अळी आली तर आईपेक्षा तीच जास्त पिल्ले खाईल. वीण झाली की मादीला हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात हलवावे.

दुसरा धोका आम्ही स्वतः होतो. पिल्लू असते अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे मोठे. त्याला पाहून माया येते आणि माया आली की माणूस चिमटीने खायला घालतो. आम्ही उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक दिला, तोही भरपूर. तिसऱ्या दिवशी पाणी दुधी झाले, पिल्ले वर येऊन तोंड उघडू लागली. घाबरून आम्ही सगळे पाणी काढले, टाकी घासली, आतला स्पंज नळाखाली स्वच्छ पिळला आणि नवे पाणी भरले. संध्याकाळपर्यंत तीसपैकी चार उरली.

आता आमची लाज ऐका. आम्ही कृषी पदवीधर. जमिनीतल्या नत्राचे चक्र आम्ही परीक्षेत लिहिले, शेतकऱ्यांना फळ्यावर काढून दाखवले. शेण-मूत कुजले की अमोनिया होतो, गोठ्यात डोळ्यांना झोंबतो तो वास त्याचाच. जमिनीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात. टाकीतही हेच चालते. उरलेले अन्न कुजते, अमोनिया होतो, तो पिल्लाचे कल्ले जाळतो. त्याला आवरणारे जिवाणू स्पंजात आणि तळाच्या वाळूत बसलेले असतात. नव्या टाकीत ते तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. आम्ही तेच नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने धुवून टाकले. मोजून-मापून शिकवणारे आम्ही, घरातल्या टाकीत मोजायला विसरलो.

म्हणून आता आमची रीत अशी. दिवसातून चार-पाच वेळा, पण टाचणीच्या टोकावर राहील एवढेच बारीक कुटलेले खाद्य. दोन-तीन मिनिटांत संपले नाही तर जास्त झाले. बलक द्यायचाच तर फडक्यातून पाण्यात गाळून दोन थेंब. काचेच्या बरणीत पाणी भरून उन्हात ठेवले की ते हिरवे होते. त्यातले सूक्ष्म जीव पिल्लांना चांगले. तळाचा गाळ रोज नळीने ओढावा. आठवड्यातून दोनदा पाव टाकी पाणी बदलावे. ते पाणी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेवलेले असावे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. महिन्याभरात नर रंगू लागतात, त्यांचा पोटाखालचा मागचा पर टोकदार होतो. मग नर-माद्या वेगळ्या करा, नाहीतर टाकीत दाटी होते.

तिसरी गोष्ट सांगताना हसू येत नाही. पिल्ले तीन आठवड्यांची झाली होती, छान धावत होती. घाईत पाणी भरायला आम्ही अंगणातली बादली घेतली. फवारणीचे औषध कालवायची बादली. धुतलेली होती, वासही नव्हता. सकाळी टाकीत एकही जिवंत नव्हते. कापसावर आपण वापरतो त्यातली कित्येक औषधे माशाला थेंबाच्या अंशानेही मारतात. मुलगी रडली, ते आम्ही सोसले. पण त्याच बादलीने आदल्या आठवड्यात घरात धुणे झाले होते, हे तेव्हा लक्षात आले. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्यातला कोणीही विसरलेला नाही. मासा लहान म्हणून एका रात्रीत मेला. आपण मोठे आहोत म्हणून उशिरा कळते, एवढाच फरक. फवारणीची बादली, मग, फडके वेगळे ठेवा आणि घरात आणू नका.

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. हा धंदा म्हणून आम्ही सांगत नाही. "पिल्ले आम्हीच परत विकत घेऊ" असे म्हणत कोणी पैसे मागितले तर इमूचे दिवस आठवा. गप्पी धुण्याच्या, जनावरांच्या, वापरायच्या पाण्याच्या हौदात सोडा. पिण्याच्या भांड्यावर झाकण आणि फडके हाच उपाय. नाल्यात, नदीत, तळ्यात मात्र सोडू नका. तो बाहेरचा मासा आहे, तिथल्या माशांची अंडी-पिल्ले खातो. आणि मासा सोडला म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस चुकवू नका. डासाची अंडी हौदाच्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने सुकी राहतात. ती घासूनच जातात. घासण्याआधी मासे बादलीत काढून ठेवा. कोणती बादली, ते आता सांगायला नको.

आमच्या टाकीत आज चाळीसेक पिल्ले आहेत. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावातून एकाने झाकणाची बरणी आणावी, आदल्या दिवशीचे पाणी भरून. चार माद्या आणि दोन नर देऊ. त्याच्या पुढच्या बैठकीला येताना फक्त एवढे सांगा, किती जन्मली आणि किती जगली. जन्मलेली किती, हे मासा बघून घेईल. जगलेली किती, त्याचा हिशेब आपण द्यायचा.