अंदाज खरा सांगा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्या घरच्यांचंही. तुमची फी भरता यावी म्हणून त्यांनी पुढे ढकललेल्या कितीतरी गोष्टी या पदवीत जमा आहेत.

मी प्रकल्प व्यवस्थापन शिकवतो आणि प्रकल्प का रखडतात याचा अभ्यास करतो. त्यातून हाती लागलेली एकच गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवतो. कितीतरी प्रकल्पांचा उशीर पहिली कुदळ पडण्याआधीच, अंदाजपत्रकात ठरलेला असतो.

तुम्ही नुकतेच प्रबंधातून मोकळे झाला आहात, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी कॅनडात केलेला एक अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं, सुमारे 34. आणि सगळंच बिनसलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सरासरी 55 हून अधिक. वाईटात वाईट धरलेला हिशेबही तोकडा पडला. आपला अंदाज करताना माणूस आपल्याच बेताकडे बघतो. तेच काम आधी इतरांनी केलं तेव्हा काय झालं, हे तो विचारात घेत नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये हा दोष दाखवून दिला. त्याचा एक प्रसंग कानेमन यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. इस्रायलमध्ये शाळांसाठी नवा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. एका बैठकीत प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहिला. सगळ्यांची उत्तरं दोन वर्षांच्या आसपास आली. मग त्यांनी गटातल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, अशा दुसऱ्या गटांचं काय झालं? तो थोडा विचार करून म्हणाला, सुमारे 40 टक्के गटांचं काम पूर्णच झालं नाही, बाकीच्यांना सात ते दहा वर्षं लागली. हे सगळं ठाऊक असलेल्या त्या तज्ज्ञानेही कागदावर दोन वर्षांच्या आसपासचाच आकडा लिहिला होता. पुस्तक पुरं व्हायला आठ वर्षं लागली.

आता आपल्या विदर्भात या. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज 372 कोटींचा होता आणि उद्दिष्ट सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचं. 2009 मध्ये हे धरण राष्ट्रीय प्रकल्प ठरलं. खर्चाचा आकडा पुढे अठरा हजार कोटींच्याही वर गेला. यातली काही वाढ महागाईची, हे खरं. पण भूसंपादन, पुनर्वसन, कालव्यांची रखडलेली कामं यांचं काय? कोयना, जायकवाडी, उजनी बांधताना राज्याने गावं उठवली होती, कालवे खणले होते. हा अनुभव सरकारच्या फायलींत होता, पण नव्या अंदाजात त्याला जागा मिळाली नाही. पाणी येणार म्हणून धानाच्या रोवणीचा बेत करणाऱ्या शेतकऱ्याने मात्र सरकारची तारीख खरी मानली होती.

यावर उपाय आहे. संशोधक बेंट फ्लिव्हबियर्ग यांनी कानेमन-ट्वर्स्कींचा विचार प्रत्यक्ष कामाला लावला आणि 2004 मध्ये ब्रिटनच्या वाहतूक खात्याने त्यावर आधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. रीत सोपी आहे. पुलाचा अंदाज करायचा तर आधी त्याच प्रकारचे बांधून झालेले पूल शोधायचे. मंजूर मुदत किती होती, लागली किती, खर्च कुठवर गेला, हे मांडायचं. मगच आपल्या पुलाकडे वळायचं.

अडचण रीतीची नाही, धैर्याची आहे. वरिष्ठ म्हणतील, "एवढी मुदत लिहिली तर मंजुरी मिळायची नाही." त्या टेबलावर तुमची खरी परीक्षा होईल. खोट्या आकड्यावर मिळवलेल्या मंजुरीची किंमत त्या खोलीत नसलेला माणूस भरतो.

दर महिन्याच्या आढावा बैठकीत "नव्वद टक्के काम झालं" हे वाक्य तुम्ही ऐकाल. पुढच्या महिन्यातही तेच ऐकाल. तेव्हा विचारा, उरलेल्या दहा टक्क्यांत काय आहे? बहुधा एका गट नंबरचा मोबदला अडलेला असेल, विजेचे खांब हलवायचे असतील, एखाद्या खात्याची एनओसी यायची असेल. टक्केवारी खोडा आणि या गोष्टी नावानिशी लिहा. प्रत्येकीसमोर जबाबदार माणूस आणि तारीख लिहा. वाईट बातमी वेळेत कळली तर तिच्यावर काही करता येतं.

शेवटी एक मागणं. आमचं संशोधन पूर्ण झालेल्या कामांच्या हिशेबावर चालतं आणि नेमका तोच मिळत नाही. उद्घाटन होतं, फाइल कपाटात जाते. विलंबाच्या कारणाच्या रकान्यात "तांत्रिक कारणांमुळे" एवढंच लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांवरून पुढचा अभियंता काहीही शिकू शकत नाही. तुम्ही तिथे खरं कारण लिहा: कोणता निर्णय, किती महिने, कशासाठी थांबला. दोष कुणाच्या माथी मारण्यासाठी नव्हे, पुढचा अंदाज सुधारावा म्हणून. आणि तुमच्या वरिष्ठांची परवानगी घेऊन, तुमच्या हातून पूर्ण झालेल्या पहिल्या कामाचा हिशेब आपल्या विभागाकडे पाठवा. पुढच्या तुकडीला मला तो शिकवायचा आहे.