बिनतारी ध्वनिक्षेपकाची भरवशाची साथ

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत वाचन आणि गणित यांसारखे भारदस्त विषय असताना ध्वनिक्षेपकावर, म्हणजे ज्याला आपण सरसकट माइक म्हणतो त्या वस्तूवर, अर्धा तास कशासाठी, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. शाळांच्या स्नेहसंमेलनांना मी उपस्थित राहतो, तेव्हा एक दृश्य पुनःपुन्हा पाहावयास मिळते. दुसरीतील एखादी मुलगी महिनाभर पाठ केलेले भाषण म्हणावयास उभी राहते. तिसऱ्या वाक्याला कर्ण्यातून येणारा तिचा आवाज तुटतो. दोन शिक्षक धावतात. एक माइकवर फुंकर घालतो, दुसरा त्यास टपली मारतो. मुलगी तशीच बोलत राहते किंवा गप्प होते. आवाज पूर्ववत होतो तेव्हा माइक पाहुण्यांच्या हाती गेलेला असतो. यंत्र बिघडले हे आपणांस कळते. त्या मुलीस मात्र आपलेच काही चुकले असे वाटते.

दुसरा प्रसंग पालकसभेचा. शिक्षणहक्क अधिनियम, 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीतील निम्म्या जागा महिलांच्या आहेत. परंतु मागे बसलेली माता व्यासपीठावर येऊन बोलत नाही. माइक तिच्यापर्यंत गेला तरच ती बोलते, आणि तारेचा माइक तेथवर जात नाही. बिनतारी माइकची खरी योग्यता येथे आहे. पाहुणे उंच दांड्यावरच्या माइकवरही बोलू शकतात. पहिलीतले मूल आणि मागच्या रांगेतली आई यांच्यासाठी मात्र हातात देता येईल असाच माइक हवा. त्यांच्या हातात तो बंद पडला, तर ती दोघे पुढच्या वेळी हात पुढे करीत नाहीत. म्हणून या यंत्राची वागणूक आपणांस समजली पाहिजे.

हे यंत्र लहरी आहे अशी तक्रार मी अनेकदा ऐकतो. ते लहरींवर चालते एवढे खरे. परंतु त्याच्या वर्तनास कारणे आहेत आणि ती पाचवी-सहावीच्या मुलांनाही समजावीत इतकी सोपी आहेत.

हातातला माइक म्हणजे एक छोटे प्रक्षेपण केंद्र होय. तो आवाजाचे विजेत रूपांतर करून रेडिओ लहरींवरून ती पाठवतो. रिसीव्हरची पेटी त्या लहरी पकडून पुन्हा ध्वनीची वीज ॲम्प्लिफायरला देते. या लहरी सेकंदास 30 कोटी मीटर वेगाने जातात. माइकची वारंवारता 600 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास 60 कोटी आवर्तने असेल, तर भागाकार करून लहरीची लांबी अर्धा मीटर येते. 2.4 गिगाहर्ट्झचा माइक असेल, तर तीच लांबी साडेबारा सेंटिमीटर येते. हा भागाकार वर्गात अवश्य करून घ्यावा.

आता आपल्याकडे बहुधा काय होते ते पाहा. प्लग कार्यालयात असल्यामुळे रिसीव्हर कार्यालयात, तोही पुष्कळदा लोखंडी कपाटाशेजारी किंवा ॲम्प्लिफायरच्या मागे. माइक मात्र अंगणात. मधे भिंत, खिडकीचे गज आणि तीनशे माणसे. सकाळी रिकाम्या अंगणात तालीम केली तेव्हा सारे उत्तम चालले होते; सभा भरताच आवाज तुटू लागला. यात नवल नाही. माणसाच्या शरीरात पाण्याचा अंश मोठा असतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. मायक्रोवेव्ह भट्टी याच तत्त्वावर अन्न तापवते, आणि तिची वारंवारताही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच असते. तेव्हा रांगेत उभे असलेले विद्यार्थी ही लहरींच्या दृष्टीने जवळजवळ भिंतच म्हणावी.

उपाय असा की रिसीव्हर व्यासपीठाजवळ, माणसांच्या डोक्यांहून उंच, माइकला सरळ दिसेल असा ठेवावा आणि तेथून ॲम्प्लिफायरपर्यंत लांब तार न्यावी. तार लांब झाली तर चालेल. लहरींची वाट लांब होता कामा नये. रिसीव्हरला तीन पिनांची जोडणी असेल, तर लांब तारेसाठी तीच वापरावी; साध्या एका जॅकच्या लांब तारेत विजेची घरघर शिरण्याचा संभव असतो. आपण माइकच्या निवडीवर जितका खल करतो, त्याच्या निम्मा जरी रिसीव्हरच्या जागेवर केला, तरी बऱ्याच तक्रारी थांबतील असे माझे मत आहे.

काही शाळांत आणखी एक गंमत आढळते. व्यासपीठावरील एका विशिष्ट जागी उभे राहिले की आवाज जातो आणि एक पाऊल सरकताच परत येतो. गावकरी मग ती जागाच वाईट ठरवतात! पत्र्याचे छप्पर आणि मांडवाचे लोखंडी नळ यांवरून लहरी परावर्तित होतात. सरळ आलेली लहर आणि परतून आलेली लहर यांची गाठ पडते, तेव्हा एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला तर दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. लहर अर्ध्या मीटरची असल्यामुळे वीतभर सरकल्यानेही स्थिती पालटते. याच कारणासाठी चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात. एकीच्या जागी लहर पुसली गेली, तरी दुसरीच्या जागी ती सहसा शाबूत असते आणि यंत्र तिच्याकडे वळते. त्या दोन्ही अँटेना एकमेकींना चिकटवून किंवा आडव्या पाडून ठेवू नयेत; इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे फाकवाव्यात.

सेलविषयी थोडे अधिक बोलणे भाग आहे. विजेरीचे सेल उतरू लागले की उजेड मंद होतो आणि आपण सावध होतो. पुष्कळ बिनतारी माइक अशी सूचना देत नाहीत. आतील रचना शेवटपर्यंत दाब समान राखते आणि मग आवाज एकदम बंद होतो. म्हणून मागील कार्यक्रमाचे उरलेले सेल समारंभास वापरणे ही काटकसर महागात पडते. समारंभासाठी नवे अल्कलाइन सेल घालावेत, दोन्ही एकाच वेळी बदलावेत आणि काढलेले सेल भिंतीवरच्या घड्याळाला द्यावेत. तेथे ते पुष्कळ दिवस चालतात. पुनर्भारित होणाऱ्या सेलचा दाब दीड व्होल्टऐवजी 1.2 व्होल्ट असतो. ते चालतात की नाही हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. माइकच्या पोटातच सेल असेल, तर आदल्या रात्री तो भरून ठेवणे कोणाचे काम, हे नाव घेऊन ठरवावे. ‘कोणीतरी करील’ या तत्त्वावर वीज येत नाही.

माइक धरण्याची रीत मुलांना कवितेइतकीच काळजीपूर्वक शिकवली पाहिजे. हातातल्या माइकची अँटेना बहुधा खालच्या टोकाशी असते. तेथे मूठ आवळली की लहरी अडतात. वरची जाळी मुठीत धरली, तर कर्ण्यातून शिट्टी सुटते, कारण समोरचाच आवाज घेण्याचा माइकचा गुण मूठ नष्ट करते. तेव्हा मधोमध धरावा. तोंडापासून अंतर सुमारे पाच सेंटिमीटर असावे. अंतर दुप्पट झाले की माइकवर पडणारा ध्वनीचा दाब सुमारे निम्म्यावर येतो. मुलाने संकोचाने माइक छातीशी धरला, तर पाचाचे तीस सेंटिमीटर होतात आणि दाब सुमारे एक षष्ठांश उरतो. मग शिक्षक ॲम्प्लिफायरचे बटण फिरवतात, शिट्टी सुटते, सभा हसते आणि मूल रडकुंडीस येते. मुलाच्या हातात पट्टी देऊन आठवडाभर वर्गात सराव करून घेतल्यास हे टळते. कर्णे नेहमी बोलणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत, हे तर आपण जाणताच.

दोन-तीन माइक एकदम वापरावयाचे असतील, तर एक हिशोब ध्यानी घ्यावा. उदाहरणार्थ, एक माइक 600 वर आणि दुसरा 601 मेगाहर्ट्झवर आहे. दोहोंच्या मिश्रणातून ज्या नको असलेल्या लहरी निर्माण होतात, त्यांपैकी एक दुसऱ्याच्या दुपटीतून पहिला वजा करून मिळते: 1202 वजा 600, म्हणजे 602. तिसरा माइक 602 वर लावला, तर तो आयताच या जाळ्यात सापडतो. अंतरे समान नसावीत, एवढे यातून निघते. निर्माते हा हिशोब करून वाहिन्यांचे गट पाडून देतात. सर्व माइक एकाच गटातील वाहिन्यांवर लावावेत. दोन शाळांनी एकाच दुकानातून एकसारखे संच आणले आणि केंद्रसंमेलनात ते एकत्र आले, की गोंधळ ठरलेलाच. आपले सर्व माइक बंद करून केवळ रिसीव्हर सुरू करावा. लहर येत असल्याचा दिवा तरीही लागला, तर त्या वाहिनीवर दुसरे कोणी आहे असे समजून वाहिनी बदलावी. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2005 साली परवानामुक्त झाला. त्यामुळे हे माइक स्वस्त आणि सुलभ आहेत, परंतु वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात वावरतात. अशा माइकच्या कार्यक्रमात शाळेचा वायफाय बंद ठेवणे इष्ट. कंबरेला लावण्याचा संच असेल, तर त्याच खिशात मोबाइल ठेवू नये आणि संचाची अँटेना दुमडू नये.

समारंभाहून अधिक महत्त्वाचा एक उपयोग शेवटी सांगतो. श्रवणयंत्र वापरणारे मूल आपल्या वर्गात असेल, तर शिक्षकाच्या गळ्यातील छोटा माइक शिक्षकाचा आवाज बिनतारी मार्गाने थेट त्याच्या कानापर्यंत पोहोचवू शकतो. वर्गातला गलबला, पत्र्यावरचा पाऊस, शेजारच्या वर्गाचे पाढे हे सर्व त्यामुळे मागे पडते. परंतु सभेत माइक बंद पडला तर तीनशे माणसे ओरडतात. येथे तो बंद पडला तर कोणीच ओरडत नाही. मूल शांत बसून राहते आणि आपण त्याच्या प्रगतिपत्रकात ‘लक्ष देत नाही’ असे लिहितो. म्हणून रोज सकाळी, पाठास आरंभ करण्यापूर्वी, डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली सहा ध्वनींची तपासणी करावी. माइक लावून मुलाच्या मागे उभे राहावे आणि आ, ऊ, ई, श्, स्, म् हे ध्वनी क्रम बदलून, मधेच थोडे थांबून उच्चारावेत. प्रत्येक ध्वनी मुलाने परत म्हणून दाखवावा. लहान मूल असेल तर हात वर करावा. काल ऐकू आलेला स् आज ऐकू येत नसेल, तर सेल, माइक आणि श्रवणयंत्र पाहावे. तरीही फरक न पडल्यास विशेष शिक्षकास त्याच दिवशी कळवावे. या तपासणीस दोन मिनिटे पुरतात.

इतके करूनही यंत्र हे यंत्रच. तेव्हा तारेचा एक माइक जोडून, चालू स्थितीत, व्यासपीठाच्या कडेला तयार असावा आणि बिनतारी माइक तुटताच तो कोणी उचलावयाचा, हे आधी ठरलेले असावे. बोलणाऱ्या मुलास त्याने एवढेच सांगावे, “बाळ, तुझे बरोबर चालले होते, मागच्या वाक्यापासून पुन्हा म्हण.”

भोजनानंतर आपण सर्व अंगणात जमू. या शाळेचा संच तेथे मांडून ठेवला आहे. प्रथम रिसीव्हर कार्यालयात ठेवून, मग व्यासपीठाजवळ उंचावर ठेवून एका शिक्षकाने माइक घेऊन बोलत मागे मागे जावे. इतरांनी मधे रांगेत उभे राहावे. आवाज कोठे तुटतो तेथे चुन्याची खूण करावयाची आहे. मोजपट्टी प्रत्येक केंद्राने आपापली घ्यावी.